पिवळा की जांभळा? शहरांचे सिद्धांत आणि सोलापुरातलं एक घर

प्रश्न सोलापूरच्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती समाजशास्त्रात एम.ए. करते आहे आणि नागरी समाजशास्त्राचा पेपर तोंडावर आलाय. ती विचारते : "एंगल्सपासून आजच्या 'ग्रहव्यापी नागरीकरणा'पर्यंत डझनभर सिद्धांत वाचले. प्रत्येक नवा सिद्धांत आधीच्याला खोडून काढतो असं वाटतं. मग जुने वाचायचे कशाला? आणि यातला एक तरी आपल्या सोलापूरला लागू पडतो का?"

लागू पडतात, पण अर्धेमुर्धे. कुठला अर्धा लागू पडत नाही आणि का, हे शोधायला लागलात की हा पेपर पाठांतराचा राहत नाही.

मी प्राध्यापक नव्हे. तीसेक वर्षं नगररचनेचं काम केलं : मोजणी, विकास आराखडे, रस्त्यांची आखणी, हरकतींच्या सुनावण्या. सिद्धांत मी तुमच्यासारखे ओळीने वाचले नाहीत. कामात कुठे अडलो की मागे जाऊन वाचायचो. त्यामुळे उत्तरही थोडं वेडंवाकडं होईल. सुरुवात एका घरापासून करतो.

आमच्याकडे जमीन-वापराचा नकाशा रंगवतात. राहण्याची जागा पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, शाळा-दवाखाने-कचेऱ्या तांबड्या, बागा आणि मैदानं हिरवी. नोकरीच्या सुरुवातीला मी सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, अशोक चौकाच्या पलीकडच्या एका गल्लीत हे काम करत होतो. एका घराच्या पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग चालू होते. खडखडाट एवढा, की मालक आणि मी बोटांनीच बोलत होतो. मागाच्या कडेला घडी घातलेल्या टॉवेलांची थप्पी आणि तिच्यावर एक पोर झोपलेलं, त्या आवाजातही गाढ. मधल्या खोलीत स्वयंपाक. मागच्या दाराशी, उजेडाला, तीन बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. नजर हातांवर नव्हतीच, गप्पा तेलुगूत चालू होत्या. खिडकीत गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या, म्हणजे दुकानही होतं.

माझ्याकडच्या फॉर्मात एका घराला एकच रंग. मी पिवळा लावला. मालकाने बाहेर येऊन विचारलं, "काय लिहिलंत साहेब?" म्हटलं, राहतं घर. तो हसला. "वीजवाले तर मागाच्या दराने बिल लावतात. त्यांच्या हिशेबी हा कारखाना आहे."

पुढे ती सगळी गल्ली पिवळी झाली आणि त्या पिवळ्याचे परिणाम वर्षानुवर्षं दिसत राहिले. सुताचे गठ्ठे आणणाऱ्या टेम्पोला वळायला जागा नाही, कारण नकाशावर तिथे माल येणारच नव्हता. सूत रंगवल्यावरचं पाणी घरगुती गटारात, कारण नकाशावर तिथे रंगणीच नव्हती. हरकतींच्या वेळी लोक हे सांगत होते. ऐकून घेतलं, आणि आराखडा होता तसाच पुढे गेला. तेव्हा मला वाटलं की चूक माझ्या घाईची. बऱ्याच वर्षांनी कळलं की पेन्सिलीतच एक सिद्धांत भरलेला होता : घर वेगळं, काम वेगळं. तो ज्या शहरात जन्मला तिथे तो खरा होता. शहरांविषयीचे बहुतेक सिद्धांत असेच आहेत. प्रत्येक सिद्धांत कुठल्या तरी एका शहरात उभं राहून काढलेलं चित्र आहे. शहर बदललं की चित्रकार बदलतो. जुनं चित्र त्यामुळे खोटं ठरत नाही, फक्त ते कुठून काढलं होतं हे विसरलं की घात होतो.

तुमच्या अभ्यासक्रमातली गोष्ट साधारण मँचेस्टरपासून सुरू होते. एंगल्सने १८४५ साली इंग्लंडमधल्या कामगारांच्या स्थितीवर लिहिलं. त्यातलं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. गिरणीमालक ज्या रस्त्याने घरातून पेढीवर जातो त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांची रांग आहे, म्हणून मागच्या गल्ल्यांतलं दारिद्र्य त्याला कधी दिसतच नाही. हे कुणी ठरवून केलेलं नाही, तरी ते तसं होतं. आज पैसेवाल्या वस्तीतल्या होटगी रोडने येऊन होटगी रोडनेच परत जाणाऱ्या पाहुण्याला पूर्व भाग दिसतो का, ते पाहा. पावणेदोनशे वर्षांचं निरीक्षण अजून बिनगंजलेलं आहे.

त्यानंतर जर्मन मंडळी. टोनीजने १८८७ साली जिव्हाळ्याचा समुदाय आणि हिशेबी समाज असा भेद मांडला. सिमेलने १९०३ साली बर्लिन डोळ्यापुढे ठेवून सांगितलं की महानगर माणसाला घड्याळ, पैसा आणि कोरडेपणा शिकवतं. सोलापुरात १८६० साली रेल्वे आली, १८७७ साली पहिली गिरणी सुरू झाली, जिला आपण अजून जुनी मिल म्हणतो, आणि शहराच्या मनगटावर घड्याळ आलं ते भोंग्याच्या रूपाने. भोंग्यावर भाकरी थापली जायची, भोंग्यावर पोरं शाळेत निघायची. सिमेलचं घड्याळ इथे बरोबर लागू पडतं. कोरडेपणा मात्र पडत नाही. गिरणीत काम लागायचं ते ओळखीने, जातीतल्या नाहीतर गावातल्या माणसाच्या शब्दावर. भोंगा आला म्हणून नातं गेलं नाही. उलट नात्यानेच माणूस भोंग्यापर्यंत पोचला.

वेबरकडे जरा थांबावं लागेल. त्याचं शहरावरचं लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १९२१ साली, छापलं गेलं. खरं शहर म्हणजे तटबंदी, बाजार, स्वतःचं न्यायालय, नागरिकांची संघटना आणि थोडीफार स्वायत्तता, असं तो म्हणतो. पूर्वेकडे, विशेषतः भारतात, हे घडलं नाही, कारण जातीमुळे एकत्र जेवणारा, एकत्र शपथ घेणारा नागरिक तयार झाला नाही. आता आपल्याकडचा मे १९३० आठवा. गांधीजींच्या अटकेनंतर शहर उसळलं, गोळीबार झाला, पोलीस आणि अधिकारी मागे हटले, आणि तीन-चार दिवस गावाचा बंदोबस्त स्वयंसेवकांनी सांभाळला. मग १२ मेला मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चौघांची नावं घ्या : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. वेबरच्या व्याख्येतला नागरिक याहून वेगळा काय असतो? आणि तरीही वेबर साफ चुकला असं म्हणवत नाही. त्याच शहरातली मोजणी करताना कुठल्या गल्लीत कोण राहतं हे मला आडनावावरून सांगता यायचं. दोन्ही खरं आहे. पेपरात वेबरवर प्रश्न आला तर दोन्ही लिहा.

या सगळ्या मंडळींना मनातून गावाची हुरहूर आहे. गाव म्हणजे ऊब, शहर म्हणजे गारठा. आपल्याकडे हे चित्र उलटं धरणारा माणूस होता आणि तो तुमच्या नागरी समाजशास्त्राच्या पुस्तकात बहुधा नसेल : डॉ. आंबेडकर. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी खेड्याला अज्ञानाची, कोत्या वृत्तीची जागा म्हटलं, आणि घटनेने गाव नव्हे तर व्यक्ती हा एकक मानला याचं समाधान व्यक्त केलं. ज्याला गावात पाणवठा बंद होता त्याला शहराचा अनोळखीपणा हा गारठा वाटत नाही, सुटका वाटते. सिमेल वाचताना आंबेडकर शेजारी उघडे ठेवा. एकाने जे नुकसान म्हणून मोजलं तेच दुसऱ्याच्या खात्यात जमा आहे.

आता शिकागो. १८९० मध्येच दहा लाखांवर गेलेलं, जगभरातून माणसं ओढणारं शहर. तिथल्या विद्यापीठातल्या पार्क आणि बर्जेस यांचं काम १९२५ मध्ये आलं. बर्जेसने शहराची एकात एक वर्तुळं काढली : मध्ये व्यापार, त्याभोवती मोडकळीला आलेला संक्रमणाचा पट्टा, मग कामगार, मग बरे घरवाले, शेवटी उपनगर. नवा माणूस मध्यात उतरतो आणि जसजसा सावरतो तसतसा बाहेर सरकतो. मी एकदा हौसेने सोलापूरच्या नकाशावर सिद्धेश्वर तलावात कंपासचं टोक रोवून वर्तुळं काढून पाहिली होती. जमलं नाही. होइटने १९३९ साली वर्तुळांऐवजी पाचरी सुचवल्या, म्हणजे एखादा वर्ग एका रस्त्याच्या दिशेने बाहेर सरकत जातो. त्या जवळजवळ चपखल बसल्या. विणकर साखर पेठेकडून अक्कलकोट रोडच्या अंगाने पूर्वेला, पैसा आणि पगारदार रेल्वे लाईन्सकडून होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर असा दक्षिणेला. स्योबर्गने १९६० साली दाखवलं की कारखान्यांपूर्वीच्या शहरांत बर्जेसच्या उलट असतं : प्रतिष्ठित मध्यात, गरीब वेशीवर. आपल्या जुन्या पेठांतल्या वाड्यांना ते लागू पडतं. म्हणजे एका सोलापुरात दोन-तीन काळांची शहरं एकावर एक बसली आहेत आणि प्रत्येकाचा सिद्धांत वेगळा.

पण शिकागोशी माझं खरं भांडण भूमितीवरून नाही. वनस्पतिशास्त्रातून शब्द उसने घेऊन त्यांनी सांगितलं की गट जागेसाठी झगडतात, एक आत शिरतो, दुसरा हटतो, आणि 'नैसर्गिक क्षेत्रं' तयार होतात. आपल्याकडे सेटलमेंट नावाची वस्ती आहे. बाहेरच्याला ते नुसतं एका भागाचं नाव वाटतं. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. त्या लोकांना काटेरी तारेच्या आत ठेवलं, हजेरी लावली आणि गिरण्यांत कामाला जुंपलं. १९५२ पर्यंत तो कायदा गेला. तार गेली, नाव राहिलं. नोकरीत असताना त्या भागाचा जुना नकाशा पाहिला होता. इतर वस्त्यांच्या कडा वेड्यावाकड्या, नाल्याच्या आणि पायवाटेच्या कलाने वळलेल्या. हिची कड पट्टीने ओढल्यासारखी सरळ. यात नैसर्गिक काय आहे? वस्ती कुठे बसते हे बाजारभाव आणि आवडनिवड जेवढी ठरवतात, तेवढेच कायदा आणि कुंपण ठरवतात. शिकागोवाल्यांना त्यांच्याच शहरातल्या काळ्या वस्त्यांबाबतही हे पुरेसं दिसलं नाही.

वर्थने १९३८ साली आकार, दाटी आणि विविधता ही तीन कारणं देऊन सांगितलं की शहरात नाती विरळ होतात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एका गल्लीत ऐकू येणाऱ्या आपल्या शहरात विविधतेला काय तोटा? पण नारळी पौर्णिमेला विणकर समाजाच्या मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागातली दाट नाती पाहा आणि वर्थला नमस्कार करून पुढे जा.

मध्ये एक माणूस भारतातच आला होता. पॅट्रिक गेडिस, स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ. १९१४ ते १९२४ या काळात त्याने इथल्या अनेक शहरांचे अहवाल लिहिले, आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवलं. त्याचं म्हणणं असं की आधी गल्लीबोळातून चाला, मग नकाशाला हात लावा. जुनी वस्ती पाडून सरळ रस्ता काढण्यापेक्षा इथे एक पडकं घर काढा, तिथे एक चौक मोकळा करा, एक झाड लावा. त्याने निवडलेले घुर्ये पुढे आपल्या समाजशास्त्राचे गुरू झाले. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुण्याची आणि सोलापूरची घरोघर पाहणी करून घेतली. विणकरांच्या घरात माग किती, कर्ज किती, मजुरी किती असं सगळं. म्हणजे सोलापूर हे सिद्धांताचं नुसतं गिऱ्हाईक नव्हतं, त्याच्यावर कसून काम झालेलं आहे. ते तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोधा. मार्गदर्शक खूश होतील.

गेडिस आम्ही नगररचनाकारांनी तसबिरीत ठेवला आणि हात दिला तो ल कॉर्बुझिएला. शहर म्हणजे यंत्र : राहणं, काम, करमणूक, वाहतूक, सगळं आपापल्या खणात. चंदीगड हे त्याचं देवघर. स्वातंत्र्यानंतर आमच्या पिढ्यांनी जे आराखडे केले त्यांचा साचा हाच आणि माझी पिवळी पेन्सिल याच दुकानातली. जेन जेकब्जने १९६१ साली या विचारावर कडाडून हल्ला केला. न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या रस्त्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, दुकान, घर, कारखाना, जुनी आणि नवी इमारत एकत्र असली की रस्ता जागा राहतो, सुरक्षित राहतो. पूर्व भागातलं ते मागांचं घर जेकब्जबाईंनी पाहता क्षणी ओळखलं असतं. पण इथे एक पथ्य पाळा. मिश्र वापराचे गोडवे गाताना मागाचा आवाज आणि तंबाखूची धूळ विसरू नका. टॉवेलांच्या थप्पीवर झोपलेलं ते पोर सिद्धांतासाठी गोंडस आहे, त्याच्या कानांसाठी आणि छातीसाठी नाही.

क्रिस्टालरचं १९३३ सालचं मध्यवर्ती स्थानांचं गणित दोन वाक्यांत संपवतो. षटकोन सुंदर आहेत, आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट ही बाजारगावं कशी उभी राहिली ते समजायला कामाचेही. फक्त त्याच्या सपाट मैदानात राज्याची सीमा नाही. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा आणि सिव्हिलमध्ये रुग्ण कर्नाटकातूनही येतात, पण त्यांची गरज मोजून निधी देणारं सरकार सीमेपाशी थांबतं.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. पन्नास-साठच्या दशकांत असं मानलं जायचं की कारखाने येतात म्हणून माणसं शहरात येतात. जिथे कारखाने कमी आणि माणसं जास्त तिथे 'अतिनागरीकरण' झालं, म्हणजे काहीतरी बिघडलं. मग या हिशेबाने गिरण्या गेल्या की शहर रिकामं व्हायला हवं. सोलापूरची जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी त्यानंतरच्या दशकांत. शहर रिकामं झालं नाही. गिरणीतलं काम घराघरांत शिरलं, पुढच्या खोलीत माग आणि मागच्या दाराशी विडी. पुरुषाचा पगार, फंड आणि बोनस गेला, आणि बाईच्या सुपावर घर चाललं. कीथ हार्टने घानातल्या अक्रामध्ये असंच काही पाहून १९७३ साली अनौपचारिक कमाईची संकल्पना मांडली : जे बेकार म्हणून नोंदले जातात ते बेकार नाहीत, आपला मोजायचा फॉर्म बेकार आहे.

आपल्या कायद्याचं एक नवल पाहा. विडी आणि सिगार कामगारांचा कायदा १९६६ चा. कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणारी बाई हीसुद्धा कामगार, असं तो स्पष्ट म्हणतो. ज्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली मी पेन्सिल चालवली तोही १९६६ चाच. एकाच वर्षाचे दोन कायदे. एकाला त्या घरात कामगार दिसली, दुसऱ्याखाली भरायच्या नकाशात ते नुसतं घर राहिलं.

मार्क्सवादी मंडळी याच सुमारास जोरात होती. लफेव्र १९६८ मध्ये शहरावरच्या हक्काबद्दल बोलला, कास्तेल्सचं शहरावरचं पुस्तक १९७२ मध्ये आलं, हार्वेचं १९७३ मध्ये. हार्वेचा मुद्दा थोडक्यात असा की भांडवलाला कारखान्यात नफा मिळेनासा झाला की ते जमिनीत आणि इमारतीत शिरतं. मुंबईच्या गिरणगावात हे डोळ्यादेखत घडलं. सोलापुरात तेवढं नाही, कारण जमिनीचा भाव तेवढा नाही. इथे भांडवल छोट्या वाटेने शिरलं, गुंठेवारीने. शेताचे तुकडे पाडायचे, बिनशेती न करता, साध्या कागदावर विकायचे. रस्ता नऊ फुटी, मैदान नाही, गटार नाही. २००१ साली गुंठेवारी कायदा आला आणि दंड भरून हे नियमित करायची सोय झाली. कोलकात्याचा अभ्यास करणाऱ्या अनन्या रॉयने पुढे मांडलं की बेकायदा वस्ती शासनाच्या नजरेआड वाढत नाही, कधी नियम वाकवून, कधी सोडून शासनच ती घडवतं. ते वाचल्यावर मला नवीन काहीच वाटलं नाही. माझ्या टेबलावरच्या फायली होत्या त्या.

लफेव्रचा हक्क आपल्याकडे कसा दिसला ते पाहायचं असेल तर कुंभारीला जा. विडी कामगार बायकांनी लालबावट्याखाली वर्षानुवर्षं मोर्चे काढून दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत मिळवली, २००६ साली ती पंतप्रधानांच्या हस्ते त्यांना मिळाली. तिच्याजवळच रे नगर उभं राहिलं, तिथल्या पंधरा हजार घरांचं वाटप जानेवारी २०२४ मध्ये झालं. अभिमान वाटावा असं काम आहे. नगररचनाकार म्हणून माझी एक कुरकुरही आहे. हक्क शहरावर मागितला होता, घर मिळालं महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या शिवारात. पान-तंबाखू, बाजार, मोठा दवाखाना या सगळ्यासाठी पुन्हा गावात यायचं. घर वेगळं, काम वेगळं. पेन्सिल इथेही पोचलीच.

त्यानंतर जागतिक शहरांचा काळ. सासेनने १९९१ मध्ये न्यूयॉर्क, लंडन, टोकियो ही जगाच्या पैशाची सुकाणूघरं म्हणून दाखवली आणि मग क्रमवारीचं पीकच आलं. त्या यादीत आपण नाही, कधी नव्हतो. जेनिफर रॉबिन्सनने २००६ साली रास्त प्रश्न विचारला : यादीत नसलेलं शहर म्हणजे अजून शहर न झालेलं शहर का? प्रत्येक शहर साधं आहे आणि प्रत्येकातून सिद्धांत निघू शकतो. आपला टॉवेल परदेशात जातो, आपली पोरं पुण्याला जातात, आणि दोन्ही वाटा याच गल्लीतून निघतात. त्यावर कुणी सोलापुरातून लिहावं, असं मला फार वर्षांपासून वाटतं.

शेवटचा टप्पा ब्रेनर आणि श्मिड यांच्या 'ग्रहव्यापी नागरीकरणा'चा. शहर ही हद्द आखलेली जागा मानणंच चूक, नागरीकरण ही पृथ्वीभर पसरलेली प्रक्रिया आहे, असं ते म्हणतात. शब्द अगडबंब आहे, पण त्यात तथ्य आहे. उदाहरण आकड्यांचं घ्या. १९९१ साली सोलापूरची लोकसंख्या सहा लाख चार हजार होती, २००१ साली आठ लाख बहात्तर हजार. दहा वर्षांत ४४ टक्के वाढ. काय शहर वाढलं म्हणावं! मग २०११ चा आकडा बघा, साडेनऊ लाखांच्या किंचित वर, म्हणजे जेमतेम ९ टक्के वाढ. मधल्या काळात पाळणे हलायचे थांबले नव्हते. १९९२ मध्ये महापालिकेची हद्द सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ च्या आसपास नेली गेली, एवढंच. गावं जागच्या जागी राहिली आणि एका अधिसूचनेने शहरी झाली. देशातही तेच. जनगणनेची व्याख्या पुरी केलेली, पण कारभार ग्रामपंचायतीचाच असलेली 'जनगणना शहरं' २००१ मध्ये १३६२ होती, २०११ मध्ये ३८९४ झाली. याच्या उलट बाजूने पाहा. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटरवरून नळाने येतं. त्या धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या ती गावं सोलापूर शहराचा भाग नाहीत का? आणि ते पाणी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड येत आलं म्हणून घरोघरी बॅरल भरून ठेवणारी बाई कुठल्या 'महानगरी जीवनशैली'त बसते?

स्मार्ट सिटीबद्दल विचारू नका. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं तेव्हा पेढे मीही खाल्ले. पण विचार म्हणून त्यात नवं फारसं नाही, ल कॉर्बुझिएचं यंत्र परत आलं, या वेळी सेन्सर लावून.

परदेशी नावांच्या गर्दीत एक जुना नकाशा तुमच्या नजरेतून सुटेल म्हणून सांगतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी अडुसष्ट लिंगं स्थापली असं आपण मानतो. दर जानेवारीत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, त्यांच्या भेटीला निघतात, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. शहराची हद्द, मधला बिंदू, कुणाचा मान कुठला, सगळं त्यात आहे. रेडफिल्ड आणि सिंगर यांनी १९५४ मध्ये आपली परंपरा वाढवणारी आणि परक्या बळाने उभी राहणारी अशी शहरांची दोन रूपं सांगितली. काठ्या गिरणीच्या चिमणीजवळून जाताना दोन्ही रूपं एका चौकटीत दिसत, आणि त्या काठ्यांच्या वाटेत किती गिरणी कामगार उभे असत ते जुन्यांना विचारा.

गेल्या वर्षी त्या घराकडे पुन्हा गेलो होतो. माग गेले, भंगारात. पोरगा पुण्याला आहे. पुढच्या खोलीत आता टॉवेलांचं पॅकिंग चालतं, खोकी मोबाईलवरच्या ऑर्डरींनी जातात. मागच्या दाराशी सूप मात्र आहे, तीनऐवजी एक.

तुम्हाला प्रबंधाला विषय हवाच असेल तर अशी एकच गल्ली घ्या. पंधरा-वीस घरं पुरेत. सकाळी, दुपारी आणि रात्री जाऊन प्रत्येक खोलीत त्या वेळी काय चाललंय ते लिहा आणि मग बर्जेसपासून ब्रेनरपर्यंत एकेकाला त्या गल्लीत आणून उभं करा. तेलुगू येत नसेल तर येणारी मैत्रीण बरोबर न्या. आणि विड्या जमा करायच्या वेळेला जाऊ नका, हजार भरायचे असतात, तेव्हा कुणी मान वर करून बोलणार नाही.